परिचारिकेच्या दारावर पदवीचा पहारा नको



रुग्णशुश्रूषेचा व्यवसाय पत्करणाऱ्या मुलीजवळ विद्यापीठाची पदवी असलीच पाहिजे, असा आग्रह सर्वत्र वाढत आहे. इंग्लंडात 2013 पासून नव्या परिचारिकेला पदवीवाचून प्रवेश नाही. आपल्याकडेही तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका बंद करून चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग हीच किमान पात्रता करावी, असा विचार काही वर्षांपूर्वी पुढे आला. पदविका मात्र अद्याप चालू आहे. 1947 च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 चा नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा आला आहे. हा प्रश्न पुन्हा उभा राहण्याचा संभव आहे. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील आपण त्यावर आताच मत बनविले पाहिजे.

पदवीचा पक्ष दुबळा नाही. युरोपातील 9 देशांचा एक अभ्यास 2014 साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शेकडा 10 ने वाढले की शस्त्रक्रियेचा रुग्ण 30 दिवसांत दगावण्याचा संभव शेकडा 7 ने घटतो, असे त्यात दिसले. विद्येसाठी ज्या समाजाने एवढी किंमत मोजली, त्याने विद्येविरुद्ध बोलणे शोभणार नाही. परंतु त्याच अभ्यासाने असेही दाखविले की, एका परिचारिकेवर एक रुग्ण जादा पडला की तोच संभव शेकडा 7 ने वाढतो. पदवीच्या हट्टापायी जागा रिकाम्या राहिल्या, तर एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने जाईल.

आणि जागा रिकाम्या कोठे राहतील? भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथे! पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा प्रसूतीच्या वेदनांत असलेल्या बाईला जवळ असेल तीच परिचारिका उपयोगी पडते. तिने तेथे टिकावे असे वाटत असेल, तर ती याच मुलखातील मुलगी असणे इष्ट. बी.एस्सी.ला बारावीत विज्ञान शाखा लागते, जी.एन.एम.ला इतर शाखांच्या मुलीही पात्र ठरतात. जिच्या गावाजवळ कला शाखेखेरीज काही नाही, तिला पदवीची अट म्हणजे बंद दारच होय.

गडचिरोलीनेच जगाला एक धडा दिला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात अर्भकांची निगा राखण्यास शिकविले. तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा 62 ने घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. त्या परिचारिका नव्हत्या व त्यांचे काम मर्यादित होते, हे खरे. तथापि चोख शिक्षण आणि सततची देखरेख यांचे बळ त्यातून सिद्ध होते.

माझ्या वकिलीत पदवीवाचून पाऊल टाकता येत नाही, म्हणून अटीचे महत्त्व मी जाणतो. घटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने व्यवसायाचा हक्क दिला आणि व्यवसायासाठी पात्रता ठरविण्याचा अधिकारही राज्यास दिला. राज्याने पात्रता अवश्य मागावी. पण ती मिळविण्याची वाटही त्यानेच बांधून द्यावी, असे आपण ठणकावून सांगितले पाहिजे. पदविकेचे दार उघडे राहो. पदविकाधारक परिचारिकेसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा अभ्यासक्रम आहेच. तो तिला पगारी रजेवर, नोकरी सुरक्षित ठेवून आणि वसतिगृहासह मिळावा. पदवी हा जिना असावा, कुंपण नव्हे.

आपले कर्तव्यही विसरू नका. मुलीला शक्य असेल तर विज्ञान शाखेत घाला. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेचा कागद डोळ्यांनी पाहा. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही केंद्रीय सवलती खुल्या झाल्या आहेत. तेव्हा जातीचा दाखला व त्याची वैधता प्रवेशाआधीच मिळवा. आणि मुलगी पदविका घेऊन नोकरीस लागली म्हणजे संपले, असे समजून लगेच तिच्या लग्नाची घाई करू नका. तिला पुढच्या पायरीवर चढू द्या.

जय भीम.