गणित सोडण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की आमच्या शिक्षककक्षात एकच प्रश्न निरनिराळ्या मुखांतून येतो : "सर, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, मग गणित सोडायचे ना?" विचारणारे पालक बहुधा सातपूरच्या एखाद्या कारखान्यातील पाळी संपवून, अंगावरचा गणवेशही न बदलता आलेले असतात. घरात आजवर कोणी डॉक्टर झालेले नसते. पाऊल चुकले तर सावरण्यास पैसा नाही आणि वाट दाखविण्यास जाणता नातलग नाही. म्हणूनच या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

गणित सोडा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही, हे प्रथम मान्य करू. नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, तर भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी १८०. गणिताचा स्वतंत्र प्रश्न एकही नाही. राज्य मंडळाच्या बारावीला विज्ञान शाखेतही गणित ऐच्छिकच आहे. मग त्या विषयाचा वेळ जीवशास्त्राला का देऊ नये? अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाआधी बहुधा चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. तेथे कोणी गणितात पदवी घेऊन मग डॉक्टर होऊ शकतो. आपल्याकडे हाच निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी, प्रवेशाच्या धावपळीत घ्यावा लागतो.

परंतु आकडे पाहा. २०२४ च्या नीटला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे साधारण वीस-एकविसांमागे एक. उरलेल्यांना आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र हे मार्ग राहतात आणि ते सन्मानाचेच आहेत. मात्र बारावीला गणित नसेल तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, वास्तुशास्त्र, गणित व संख्याशास्त्राची पदवी ही दारे बंद होतात. सुस्थित घरातील मूल वर्ष वाया घालवून पुन्हा प्रयत्न करू शकते. आमच्या मुलांना दुसरे दार पहिल्याच दिवशी उघडे ठेवावे लागते.

गणिताची गरज केवळ पर्याय म्हणून आहे, असेही नव्हे. दहा किलो वजनाच्या तापलेल्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचे आणि बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असेल, तर मात्रा ६ मिलिलिटर. येथे दशांशचिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दहापट होते. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा त्याचा अर्थ नाही. नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यावर हे समजावून सांगणाऱ्या डॉक्टरला संभाव्यता स्वतःला कळलेली असावी लागते.

याचा मोठा दाखला आपल्याच भूमीतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. पुढच्या वर्षी पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ती साथ वर्षानुवर्षे परतत राहिली. भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर मॅकेन्ड्रिक यांनी रसायनशास्त्रज्ञ करमॅक यांच्यासह १९२७ साली साथीच्या चढउताराचे समीकरण मांडले. ते पडताळण्यासाठी त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबई बेटावरील प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे घेतले. कोरोनाकाळात साथीचे अंदाज बांधताना याच विचाराचा आधार घेतला गेला. शुश्रूषेला करुणा हवी. पुढची साथ रोखण्यास मोजदादही हवी.

म्हणून आमचे मत असे : ज्या मुलाला गणित झेपते, त्याने ते जीवशास्त्राबरोबर घ्यावे. भीतीपोटी किंवा शिकवणीवर्गाच्या वेळापत्रकासाठी सोडू नये. विषयबदलाचे नियम महाविद्यालयात आधी विचारून ठेवावेत आणि पहिल्या सत्राचा अनुभव घेऊन पुढचे ठरवावे. प्रामाणिक प्रयत्नांनंतरही ओझे पेलत नसेल, तर निःशंकपणे सोडावे. त्यात कमीपणा नाही. मात्र शेकडेवारी, प्रमाण आणि संभाव्यता यांचा सराव तेव्हाही सुटू नये.

पालकहो, आपल्यापैकी कित्येकांचे हात रोज मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग अचूक मोजतात. गणित आपल्या घराला परके नाही. निर्णयापूर्वी एकदा आमच्याकडे या आणि येताना गुणपत्रिकेबरोबर मुलाची गणिताची वहीही आणा. ती उघडून, मुलाला शेजारी बसवून, आपण मिळून ठरवू.