वहिनींची सुट्टी

दिवाळी अंकात नाताळची गोष्ट काढली म्हणून वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. फराळाचे डबे अजून भरलेले आहेत आणि डिसेंबरला अवकाश आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु नाताळच्या सुट्टीचे बेत याच दिवसांत ठरतात, आणि जे सांगायचे आहे ते बेत ठरण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

आमचे मूळ घर मौद्याला. नागपूरहून भंडाऱ्याच्या रस्त्याने निघाले की सुमारे ३५ किलोमीटरवर कन्हान नदीकाठी हे गाव लागते. थोरले दादा तेथे शेती पाहतात. आम्ही धाकटे तिघे नागपूर, पुणे आणि मुंबई येथे पांगलेलो. दिवाळीत सर्वांचे जमत नाही. दादांचे धान तेव्हा कापणीला आलेले असते आणि घरातल्या सुनांना भाऊबीजेसाठी माहेर गाठायचे असते. नाताळ येतो तोवर धान घरी आलेले असते, थंडी पडलेली असते आणि अंगणात शेकोटी पेटते. शिवाय सण आमच्या घरचा नव्हे. तेव्हा सोवळे नाही, नैवेद्य नाही, मानपान नाही. "नाताळ ना माहेरचा, ना सासरचा," असे मी मोठ्या ऐटीत म्हणत असे.

सुट्टी अशी उसनी घेण्याची रीत जुनीच आहे. 'नाताळ' हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. इंग्रजी अमदानीत या दिवसांत कोर्टकचेऱ्या आणि शाळा-कॉलेजे बंद असत, वकील व शिक्षक मोकळे असत. १८८५ पासून १९२९ पर्यंत काँग्रेसची बहुतेक अधिवेशने डिसेंबरच्या अखेरीस भरली, त्याचे एक कारण हेच. असहकाराचा ठराव कायम करणारे १९२० चे नागपूरचे अधिवेशनही नाताळातलेच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आजही ही सुट्टी असते. ख्रिस्ती कुटुंबांना हा उपासनेचा दिवस. त्यांच्या घरी करंज्या-चकल्यांचा फराळ होतो. बाकीच्यांनी त्यातली नुसती सुट्टी उचलली. आम्हीही उचलली, ती कोणाच्या जिवावर, हे मात्र पाहिले नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात सतरा माणसे. सकाळी तर्रीपोहे, दुपारी पाटोडीची भाजी, रात्री वांग्याचे भरीत आणि भाकरी. त्या संध्याकाळी आम्ही शेकोटीभोवती बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होतो. पुण्याचा भाऊ म्हणाला, "पुढच्या वर्षी चांगले दहा दिवस राहू." सर्वांनी माना डोलावल्या. शेंगांची दुसरी परात घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या.

"भाऊजी, तुम्ही सुट्टी करून राहिले. मी काय करून राहिले, ते पाहिलं का कोणी?"

आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. वहिनी पुढे म्हणाल्या, "माझेही भाऊ याच सुट्टीत भंडाऱ्याला जमतात. तेरा वर्षं झाली, मी गेली नाही. अन् इथे तुम्ही हसता ते चुलीपाशी ऐकू येते. कशाला हसले, ते कोणी सांगत नाही."

दादा काठीने निखारे सारखे करीत राहिले. मौद्याहून भंडारा तासाभराच्या आतले. ज्या सणाला मी ना माहेरचा ना सासरचा म्हणून वाखाणीत होतो, तो वहिनींच्या वाट्याला तेरा वर्षे सासरचाच आला होता. मौद्याला २,३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याचे संचसुद्धा देखभालीसाठी अधूनमधून बंद ठेवावे लागतात. आमच्या घरचे केंद्र मात्र आम्ही अखंड चालू ठेवले होते.

गेल्या वर्षी २५ तारखेला सकाळी दादांनी स्वतः वहिनींना भंडाऱ्याला पोचवले. इकडे आमची तारांबळ उडाली. जन्म त्या घरात काढलेल्या दादांना मिठाची बरणी कोठे असते, हे सांगता येईना. धाकट्या जावा पदर खोचून उठल्या, तेव्हा मुंबईची सूनबाई म्हणाली, "वहिनींच्या जागी आम्ही उभ्या राहिलो, तर सुटका कोणाची झाली?" मग स्वयंपाकघराच्या दारावर कागद लागला. प्रत्येक जेवणाला दोन नावे, त्यांतले एक पुरुषाचे. आम्हां भावांनी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे निघाले; मुलांनी ते वरणात बुडवून मुकाट्याने खाल्ले.

२९ तारखेला वहिनी परतल्या आणि रात्री शेकोटीपाशी येऊन बसल्या. माहेरच्या गमती सांगू लागल्या, भावांच्या नकला करू लागल्या. वहिनी इतक्या रंगवून बोलतात, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. दादा तर त्यांच्याकडे नवख्या पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत होते.

तुमच्याही घरी बेत ठरत असतील. गाडीची तिकिटे काढण्यापूर्वी, जिच्या घरी उतरणार तिला एवढेच विचारा, की बाई, तुमची सुट्टी कोणत्या तारखेला? आमच्या वहिनींनी यंदा २४ ते २८ सांगितली आहे. रोडग्यांची पाळी माझ्यावर आली आहे.