दहा किलोमीटरचा वचक

म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या सामुदायिक रेडिओ केंद्राला २००८ साली सुरुवात झाली. सामुदायिक रेडिओच्या ट्रान्समीटरची ताकद बेताचीच असते. दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे खरखर. या मर्यादेबद्दल आपण सगळेच कुरकुरतो. पॉडकास्टला मात्र ना परवाना लागतो ना मनोरा, त्यामुळे सातारा-सांगलीत आज ज्याच्या हाती मोबाइल आणि कॉलर माइक, तो पॉडकास्टर. याचं स्वागतच आहे. पण त्या दहा किलोमीटरांचा रेडिओवाल्यांवर एक वचक होता, आणि तो पॉडकास्टमध्ये आणायचा कुठून, याची चर्चा आपल्या धंद्यात जवळजवळ होत नाही.

वचक साधा असतो. गावच्या माणसाबद्दल चुकीचं बोललात, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तो माणूस केंद्राच्या दारात उभा राहतो. बोलणारे आणि ऐकणारे एकाच बाजारात भाजी घेतात. माणदेशी तरंगवर केराबाई सरगर यांच्यासारख्या लोकगायिका माइकपुढे बसल्या, तेव्हा त्यांची बोली सुधारायला कोणी आलं नाही, कारण ऐकणाऱ्यांचीही बोली तीच होती.

रेडिओचे हात बांधलेले आहेत, हेही खरं. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना केंद्रं चालवायची परवानगी मिळाली, पण स्वतःच्या बातम्या द्यायची नाही. पाणी कधी सुटणार, हे प्रशासनाने कळवलं तर सांगता येतं. टँकर का आला नाही, हे विचारायला गेलं की ती बातमी होते.

याची किंमत सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये दिसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीस गावांवर दावा सांगण्याचा विचार बोलून दाखवला आणि दोन्ही राज्यांतले कॅमेरे तिकडे धावले. विषय झाला सीमावाद. त्या भागातल्या ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते ते दुष्काळाला कंटाळून, पाण्यासाठी. पण भाषेच्या भांडणात पाणी मागे पडलं. येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचं ‘येरळावाणी’ केंद्र याच तालुक्यात, जालिहाळ बुद्रुकला आहे. सगळ्यांत जवळचा माइक तो, आणि बातमी द्यायची मुभा नाही तीही त्यालाच. घरात कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणाऱ्या माणसाला दोन्ही भाषांत, तो बोलेल तसं बोलू देणारी ध्वनिमालिका तिथे कोणी करायला घेतली, तर ती पत्रकारिता ठरेल. ही जागा पॉडकास्टची आहे.

मात्र आपली कात्री कुठे चालते तेही पाहू. समजा, माणमधल्या एका वाडीवर बाईला पाण्याचं विचारलं. ती आधी सुनेच्या बाळंतपणाचं सांगते, मग म्हशीचं, मग कुठे हंड्यावर येते. मध्येच ओसरीवरून तिचा दादला दोनदा तिच्या वतीने उत्तर देऊन टाकतो. टाइमलाइनवर सून आणि म्हैस पाल्हाळ म्हणून उडतात, दादला अडथळा म्हणून उडतो, आणि ‘पानीच न्हाई तर काय करनार’ यावर निवेदकाचं शुद्ध मराठी चढवलं जातं. उरते चाळीस सेकंदांची टंचाई. वास्तविक बाळंतीण घरात असली की पाणी किती लागतं, हेच ती सांगत होती. आणि दादल्याची लुडबुड? ती तर बातमीच होती.

म्हणून कच्चा कट आधी जिचा आवाज आहे तिला ऐकवा, शक्यतो चारचौघींत. वेळ जातो, वाद होतात, कधी अख्खा भाग टाकून द्यावा लागतो. जात्यावरच्या ओव्यांचं काम याबाबतीत डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या चमूने गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला घेतल्या तेव्हा गाणारणीचं नाव आणि गाव ओवीबरोबर ठेवलं, आणि त्यातल्या कित्येकींना पुन्हा जाऊन गाठलं. आपल्यातले किती जण रेकॉर्डिंग झाल्यावर त्या दारात परत जातात?

संमतीचा प्रश्न याहून अवघड. रेडिओवर बोललेलं वाऱ्यावर विरून जातं, पॉडकास्ट राहतो. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. पाटण-जावळीची कितीतरी घरं मुंबईच्या माथाडी कामावर उभी राहिली. विट्याजवळच्या वाडीत बोललेलं संध्याकाळपर्यंत केरळातल्या दिराच्या व्हॉट्सअॅपवर पोचतं. नाव बदलून भागत नाही, कारण आवाज ओळखतात. ‘तुमचं बोलणं इंटरनेटवर टाकू का’ एवढ्यावर मान डोलावणं ही संमती नव्हे. ‘तुमच्या माहेरी ऐकलं तर चालेल का, जावयाने ऐकलं तर?’ असं विचारावं लागतं. आणि ‘नको’ आलं तर तेवढं कापायचं, कितीही रसरशीत असलं तरी.

सांगलीतल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांचा राग बऱ्याच वर्षांपासून हाच आहे, की कळवळा घेऊन येणारा प्रत्येक जण गोष्ट मात्र आपली सांगून जातो. त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर स्वतःचं नाटक उभं केलं. तिथे कार्यक्रम करायचाच असेल, तर माइक आणि लॅपटॉप दोन्ही त्यांच्याकडे द्यावे, मानधनासकट. मानधनाबद्दल एकच म्हणायचं: तज्ज्ञाला पाकीट आणि गाववाल्याला चहा, ही पद्धत बंद करा.

पुढच्या अंकापासून आम्ही पॉडकास्ट करणाऱ्यांचे संमतीचे मसुदे छापणार आहोत. आपला पाठवा, ज्या बोलीत विचारता त्याच बोलीत. कोणी नकार दिला आणि भाग रद्द करावा लागला असेल, तर ओळख पटणार नाही अशा बेताने तेही लिहा. ती पानं आम्ही आधी लावू.