आपल्याच खाडीचा मासा बघायला वॉशिंग्टन

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. रायगडच्या खाडीकाठच्या गावातली मुलगी, दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, आता मुंबईत प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. तिचा विषय आहे निवट्या. चिखलात उड्या मारणारा, ओहोटीला तिवरांच्या मुळांवर चढून बसणारा तो मासा आपल्याकडे पोरंसुद्धा हातानं धरतात. तिला अमेरिकेतल्या एका निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या फेलोशिपसाठी अर्ज करायचा होता आणि तिच्या अब्बांना त्यात काहीतरी फसवणूक वाटत होती. "सर, म्युझियमवाले पैसे देतात? कशाचे? तिकडे तर आपण तिकीट काढून जातो."

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांसाठी म्युझियम म्हणजे सहलीला नेलेली मुलं, काचेमागचा भुसा भरलेला वाघ आणि बाहेर मिळणारी कुल्फी. पण मोठ्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात लोकांना दिसतो तो भाग फार थोडा. खरा खजिना मागच्या बाजूला, कपाटांत आणि खणांत असतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात १४ कोटींहून जास्त नमुने आहेत आणि माशांचा त्यांचा संग्रह जगात सगळ्यात मोठा मानला जातो. लंडनच्या संग्रहालयात सुमारे ८ कोटी नमुने आहेत. एखादा मासा, पक्षी किंवा किडा 'नवीन जात' म्हणून जाहीर होतो तेव्हा ज्या नमुन्यावरून ते नाव ठरलं तो जपून ठेवावा लागतो. पुढे शंका आली की त्याच्याशीच ताडून बघायचं. आपल्याकडच्या कितीतरी जातींचे असे मूळ नमुने इंग्रजांच्या काळात परदेशी गेले. ॲलन ह्यूम, तोच काँग्रेसच्या स्थापनेतला, त्यानं १८८५ साली सुमारे ८२ हजार पक्षी-नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. म्हणजे हिंदुस्तानातला पक्षी नीट ओळखायचा तर अभ्यासकाला लंडनचा खण उघडावा लागतो.

फेलोशिप म्हणजे तो खण उघडण्याची परवानगी, सोबत तिथल्या शास्त्रज्ञाचं मार्गदर्शन आणि राहण्या-खाण्याचा खर्च. तिला खैरात समजू नका. संग्रहालयालाही त्याची गरज असते, कारण कोट्यवधी नमुने तपासायला त्यांची स्वतःची माणसं पुरत नाहीत. खण बंद राहिला तर त्यात काय आहे हे त्यांनाही कळत नाही.

याचं आपल्या राज्यातलं एक उदाहरण सांगतो. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. मधे फक्त एक नोंद होती: रिचर्ड मेनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला एक मिळवल्याचा दावा केला होता. त्यामुळे लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. सलीम अली आणि स्मिथसोनियनचे प्रमुख डिलन रिप्ले यांनाही ते सापडलं नाही. मग स्मिथसोनियनमध्ये काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने एकेक करून तपासले. लक्षात आलं की मेनर्ट्झहागनचा पक्षी चोरीचा आहे! जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात गोळा केलेला नमुना संग्रहालयातून उचलून, भुसा काढून, पुन्हा शिवून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाद केल्यावर खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर जी गावं लिहिली होती तिकडे शोध वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या दोन साथीदारांना आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. खणातल्या जुन्या टाक्यांनी आणि चिठ्ठ्यांनी नंदुरबारच्या जंगलाचा पत्ता दिला. त्या मुलीच्या अब्बांना मी हाच किस्सा सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे पोलिसासारखं काम आहे." होय, बरंचसं तसंच.

आता सलीम अलींबद्दल. आपल्या शाळांत त्यांचा फोटो लावतो, १२ नोव्हेंबरला पक्षी-दिन करतो आणि संपलं. मला त्यांच्या गोष्टीतला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या खेतवाडीतला अनाथ मुलगा, मामांनी वाढवलेला. गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी त्यानं मारली. हा पक्षी खायला चालतो की नाही इथूनच प्रश्न सुरू झाला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडलं. साहेबांनी हाकललं नाही, कपाट उघडून खणामागून खण दाखवले. त्या पोराचं पुढचं आयुष्य तिथं ठरलं.

पण विद्यापीठाची पदवी नसल्यानं झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची नोकरी त्यांना मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, महिना ३५० रुपयांवर ते गाईड लेक्चरर झाले. १९२८ मध्ये रजा काढून बर्लिनला गेले आणि तिथल्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली काम केलं. पुढे जगभर गाजलेले अर्न्स्ट मायर त्यांना तिथंच भेटले. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास शोधण्याची पद्धत ते हेलिगोलँड बेटावर शिकले. पदवी नसलेल्या माणसाला संग्रहालयानं ते दिलं जे विद्यापीठानं दिलं नव्हतं.

आणि परत आल्यावर? १९३०ला मुंबईत उतरले तर नोकरीच गेलेली, पैसे नाहीत म्हणून ते पदच रद्द. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथं झाडावरच्या सुगरणीच्या घरट्यांकडे ते तासन्‌तास बघत बसले. नर एकामागून एक घरटी बांधतो आणि एकाहून जास्त माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यांनी नोंदवलं आणि १९३१ साली छापलं. आमच्या शाळेपासून किहीम फार लांब नाही. मुलांना तिथं नेऊन मी नेहमी एवढंच सांगतो की बेकारीच्या दिवसांत हे काम झालं, आणि बर्लिनला जे शिकले त्याशिवाय झालं नसतं.

मग आजच्या मुलांना हे मिळतं का? मिळू शकतं. स्मिथसोनियनची फेलोशिप कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला खुली आहे. एमएस्सी करणाऱ्या किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्यांसाठी १० आठवड्यांची, पीएचडीचं काम पुढे गेलेल्यांसाठी ३ ते १२ महिन्यांची, पीएचडी झालेल्यांसाठी २ वर्षांपर्यंतची. अर्ज वर्षातून एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी तर स्वतःच पीएचडी देतं.

अर्जात संशोधनाचा प्रस्ताव लागतो, गुणपत्रकं लागतात, ओळखणाऱ्या प्राध्यापकांची पत्रं लागतात, इंग्रजी यावं लागतं. पण आपली मुलं अडतात ती दुसऱ्याच जागी. तिथल्या कुठल्या शास्त्रज्ञाबरोबर काम करणार त्याचं नाव अर्जात द्यावं लागतं, आणि त्या माणसाशी आधी बोलून घेणं अपेक्षित असतं. म्हणजे आपण होऊन एका अनोळखी माणसाला पत्र लिहायचं. मी वीस वर्षं शिकवतोय, आमच्या मुलांना मी निबंध शिकवला, अर्ज शिकवला, मुख्याध्यापकांना रजेची चिठ्ठी शिकवली. 'तुमचा अमुक लेख वाचला, मला त्यात हा प्रश्न पडला' असं पत्र कधीच शिकवलं नाही. माझीही चूक आहेच. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉलेजांतल्या मुलांना हे सीनियर लोक कँटीनमध्ये सांगतात. आपल्या मुलांना सांगायला सीनियरच नसतो.

सीनियर का नाही, तर मधली शिडीच काढून घेतली गेली. अल्पसंख्याक समाजातल्या पीएचडी करणाऱ्यांसाठी मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप होती, २००९ पासून. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की ती बंद, कारण इतर योजना आहेतच. मुसलमान, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, पारशी, सगळ्यांचीच गेली. ज्यांची आधीपासून चालू होती त्यांचे पैसेही २०२५ मध्ये महिनोन्‌महिने रखडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाला मदत करणारी 'पढो परदेश'ही त्याच सुमारास बंद झाली. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या समाजातल्या पीएचडीच्या मुलांना फेलोशिप देतात. अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी'ला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्या आमदारांना, नगरसेवकांना भेटायला जाता तेव्हा कब्रस्तानाच्या भिंतीबरोबर मार्टीच्या फेलोशिपचंही विचारा, असं मी जमातीच्या बैठकीत बोललो तर दोघं हसले. हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलं नाही.

सरकारी संग्रहालयांबद्दलही बोलायला हवं. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये आगीत खाक झालं. आपल्या मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे लाखाहून जास्त नमुने आहेत आणि ती १८८३ पासून उभी आहे. वॉशिंग्टनचा विचार करण्याआधी फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसची पायरी चढायला हवी. त्या मुलीला मी हेच विचारलं. तिनं ती आधीच चढली होती. शाबास!

अमेरिकेचं चित्र मात्र गुलाबी नाही. २७ मे २०२५ला त्यांनी विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं. १८ जूनला पुन्हा सुरू केलं ते सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवा, या अटीवर. फेलोशिपला जाणारे साधारण याच एक्स्चेंज व्हिसावर जातात. आपल्या मुलांच्या मनात याची वेगळी धास्ती असते. गाझावर टाकलेला एखादा स्टेटस, एखादा फोटो, त्याचं काय होईल? धास्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण धास्तीनं अर्जच न करणं आणि अर्ज करून व्हिसा नाकारला जाणं यात फरक आहे. दुसऱ्या वेळी निदान तुमचं नाव, तुमचा विषय तिथल्या एका शास्त्रज्ञाला माहीत झालेला असतो. शिवाय स्मिथसोनियनचा जवळजवळ दोन-तृतीयांश पैसा अमेरिकी सरकारकडून येतो. २०२५च्या ऑक्टोबरात तिथं सरकारी कामकाज ठप्प झालं तेव्हा ही संग्रहालयं सुमारे महिनाभर बंद होती. जागा आणि रकमा वर्षागणिक बदलणार, हे धरूनच चालावं.

ज्या घरात एवढं लांबचं परवडत नाही तिथंही काम सुरू करता येतं. मोठ्या संग्रहालयांनी लाखो नमुन्यांच्या नोंदी आणि फोटो इंटरनेटवर फुकट ठेवलेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत वाचता येतात. आपल्या तालुक्याचं नाव टाकून शोधा, शंभर वर्षांपूर्वी कुणी काय बघितलं ते सापडेल. आणि ज्यांच्या घरी दर भरतीला जाळं टाकलं जातं त्यांनी निवटीचे महिने, जागा, आकार वहीत लिहायला सुरुवात केली तरी ती माहिती वॉशिंग्टनच्या खणात नाही. तिथं बाटलीतला मासा आहे, त्याची खाडी नाही. तिच्या अर्जाचा जोर मला इथंच दिसला. "प्राणिशास्त्राची आवड आहे" हे वाक्य मी कापायला लावलं आणि त्या जागी तिच्या चुलत्यांचं निवट्या पकडण्याचं तंत्र लिहायला सांगितलं. पत्राच्या सुरुवातीचं 'रिस्पेक्टेड सर'ही काढलं. ज्यांना ती लिहीत होती त्या बाई होत्या.

अम्मीचा सवाल वेगळाच होता: दहा आठवडे मुलगी कुणाच्या घरी राहणार, खाणार काय? मी म्हटलं, खोली भाड्यानं घ्यावी लागेल, स्वतः रांधावं लागेल, वॉशिंग्टनच्या आसपास हलाल दुकानं आणि मशिदी आहेत. पैसे मिळतील तेवढ्यातच भागवावं लागेल, शिलकीचा विचार करू नये. त्या काही बोलल्या नाहीत, पण उठून आतून पासपोर्टची फाईल घेऊन आल्या. हजसाठी केलेले दोघांचे पासपोर्ट होते. मुलीचा काढायला किती दिवस लागतात, एवढंच त्यांनी विचारलं.

अब्बांनी जाताना दारात थांबून विचारलं, "आणि तिकडून आल्यावर? नोकरी?" मी त्यांना किहीमचं घर सांगितलं, ३५० रुपयांची गेलेली नोकरीही सांगितली. लपवून काय उपयोग. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलीला म्हणाले, चुलत्याला विचार, बाटलीत घालायला निवटी कुठल्या खाजणातली चांगली मिळेल.