मैदानावरची दुखापत आणि बिलाचा धनी

महाविद्यालयीन स्पर्धेत विजयी संघाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येते. त्याच सामन्यात गुडघा धरून मैदानाबाहेर गेलेला खेळाडू मात्र छायाचित्रात नसतो. पुढचे आठ-दहा महिने तो कोठे असतो, त्याच्या तपासणीचे, शस्त्रक्रियेचे आणि फिजिओथेरपीचे पैसे कोण भरतो, हे सहसा कोणी विचारत नाही. तो महाविद्यालयाच्या नावाने खेळतो, पण त्याच्या उपचारांचे बिल बहुतेक वेळा घरी जाते. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. महाविद्यालयीन क्रीडेचा जगातील सर्वांत मोठा पसारा असलेल्या अमेरिकेला तो सुटण्यासाठी जवळजवळ सात दशके लागली आणि आजही तो पूर्णपणे सुटलेला नाही. तिथला अनुभव गोव्याने लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

१९५५ साली कोलोरॅडो राज्यातील फोर्ट लुईस या लहान महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली दावा केला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. महाविद्यालय फुटबॉलचा व्यवसाय करीत नाही, म्हणून खेळाडू हा त्याचा कामगार नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. याच काळात तेथील महाविद्यालयीन क्रीडेची शिखर संघटना असलेल्या ‘एनसीएए’ने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. ऐकायला तो गौरवाचा वाटतो. व्यवहारात त्याने संस्थेला नुकसानभरपाईच्या दायित्वातून मोकळे केले.

१९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मानेला दुखापत होऊन पक्षाघाताने अपंग झाला. १९९३ साली भरपाई आयोगाने त्याच्या बाजूने कौल दिला, परंतु विमा कंपनीने तो निर्णय न्यायालयात नेला आणि २००० साली अपील न्यायालयाने अंतिमतः त्याच्याविरुद्ध निकाल दिला. दुखापतीनंतर सव्वीस वर्षांनी मिळालेले उत्तर तेच होते : तू विद्यार्थी आहेस, कामगार नाहीस.

न्यायालयाचा दरवाजा बंद झाल्यावर विम्याचा मार्ग हळूहळू रुंदावला. आज तेथे त्याचे तीन थर आहेत. पहिला थर महाविद्यालयाचा : प्रत्येक खेळाडूला क्रीडाविषयक दुखापतीसाठी ९० हजार डॉलरपर्यंतचे संरक्षण असल्याची खात्री संस्थेने करावयाची. हे संरक्षण पालकांच्या विम्यातून आले तरी चालते. दुसरा थर भीषण दुखापतींसाठी : खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेला की एनसीएएची स्वतंत्र योजना लागू होते. तिसरा थर सर्वांत नवा, १ ऑगस्ट २०२४ पासूनचा. खेळाडूने महाविद्यालय सोडल्यानंतरही, खेळताना झालेल्या दुखापतीसाठी दोन वर्षांपर्यंत विमाछत्र. पदवी हातात पडल्यावरही गुडघा दुखतच राहतो, ही साधी गोष्ट मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

वर्षाकाठी १०० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या संघटनेची ही गोष्ट आहे. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर तेथील विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नाचा थेट वाटाही देऊ लागली आहेत. आपल्याकडे महाविद्यालयीन खेळात असा पैसा नाही आणि म्हणून तुलना गैरलागू आहे, असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेकडून घ्यायचे आहे ते पैशाचे प्रमाण नव्हे, तर थरांची रचना आणि तिसऱ्या थरामागचा विचार.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२० साली आपल्या योजनांतील १३ हजारांहून अधिक खेळाडू व प्रशिक्षकांसाठी ५ लाख रुपयांचा आरोग्य विमा आणि २५ लाखांचा अपघात विमा जाहीर केला. पूर्वी राष्ट्रीय शिबिरापुरते असलेले संरक्षण वर्षभराचे झाले. हा स्वागतार्ह निर्णय होता. मात्र निवड झालेल्यांच्या त्या यादीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणारा सामान्य विद्यार्थी येत नाही. ज्याच्यातून उद्याचा राष्ट्रीय खेळाडू घडायचा, तोच उघड्यावर राहतो.

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचे संरक्षण ती देते. बांबोळीचे गोमेकॉ इस्पितळ आहे. मग वेगळा विमा कशासाठी, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे.

पहिली गोष्ट, दुखापतीच्या स्वरूपाची. इस्पितळात दाखल होऊन होणाऱ्या उपचारांभोवती सरकारी आरोग्य विमा योजना रचलेल्या असतात. गुडघ्याचे लिगामेंट तुटले तर शस्त्रक्रिया हा उपचाराचा एक टप्पा असतो. त्याआधी एमआरआय आणि त्यानंतर अनेक महिन्यांची फिजिओथेरपी असते. ती अर्ध्यावर सुटली की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही खेळाडू मैदानावर परतत नाही. दुसरी गोष्ट, रहिवासाची. दीनदयाळ योजनेसाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे आणि गोमेकॉत २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क आकारले जाते. शेजारच्या जिल्ह्यांतून येऊन येथील महाविद्यालयासाठी खेळणाऱ्या मुलामुलींचे काय? संघात घेताना कोणी त्यांचा रहिवासी दाखला पाहत नाही. तिसरी गोष्ट, कौटुंबिक मर्यादेची. आजोबांच्या हृदयविकारासाठी वापरावयाची रक्कम मुलाच्या गुडघ्यावर खर्च झाली, तर त्या घरात पुढच्या वेळी मुलीला खेळायला पाठविताना दहा वेळा विचार होतो.

विद्यार्थ्यांसाठी काढला जाणारा सामूहिक अपघात विमा ही पोकळी भरतो, असे वाटते. त्या प्रकारच्या विम्याचा मूळ साचा मात्र मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी असतो. उपचारांचा खर्च हे बहुधा वेगळे, जादा हप्त्याचे कलम असते. म्हणजे खेळाडू मेला किंवा कायमचा अधू झाला तर पैसे, आणि बरा होण्याची शक्यता असेल तर काहीच नाही, अशी विचित्र स्थिती उद्भवू शकते. ‘विमा आहे’ एवढ्यावर समाधान न मानता पालकांनी प्रवेशाच्या वेळीच तीन प्रश्न विचारावेत : उपचारखर्चाचे कलम आहे का? सराव आणि स्पर्धेचा प्रवास त्यात धरला आहे का? अंतिम वर्ष संपल्यावर काय?

उपाय अवाढव्य नाही. विद्यापीठाने सर्व संलग्न महाविद्यालयांतील नोंदणीकृत खेळाडूंसाठी एकत्रित पूरक विमा घ्यावा. दीनदयाळ योजना किंवा कुटुंबाचा विमा आधी लागू व्हावा आणि उरलेला भाग, विशेषतः तपासण्या व फिजिओथेरपी, या विम्याने उचलावा. मोठा खर्च आधीच्या थरात जात असल्याने अशा विम्याचा हप्ता आवाक्यात राहू शकतो. दुखापत शिक्षणकाळात झाली असेल, तर संरक्षण पदवीनंतरही दोन वर्षे टिकावे.

यासाठी आधी हवी ती दुखापतींची नोंदवही. कोणत्या खेळात, सरावात की सामन्यात, कोणत्या मैदानावर किती दुखापती होतात, याची एकत्रित नोंद असल्याशिवाय विमा कंपनी वाजवी दर सांगू शकत नाही. नोंद ठेवली तर जबाबदारी अंगावर येईल, ही संस्थांची भीती समजण्याजोगी आहे. पण डेनिसनच्या प्रकरणापासूनचा इतिहास सांगतो, की जबाबदारी टाळणे संस्थेला जमते, तेव्हा दुखापत नाहीशी होत नाही. ती फक्त खेळाडूच्या घरी पोहोचते.

२०२३ साली गोव्याने ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद भूषविले. मैदाने सजली, सुविधा उभ्या राहिल्या. त्या मैदानांवर आज खेळणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला गुडघा दुखावल्यावर पहिला विचार पुन्हा खेळता येईल का, असा यावा. घरी काय सांगू, असा नव्हे. एवढी तजवीज एका लहान राज्याला निश्चितच शक्य आहे.