फॉर्ममध्ये आमच्या जमिनीला जागा नाही



दिवाळीनंतर आपल्यातल्या टोळ्या ऊसतोडीला कुरुंदवाडकडं उतरतात. उचल घेतलेली असते, मुकादम सोडत नाही, जावंच लागतं. यंदा तिथं आमच्या खोप्यांवर एक संशोधक आले. गरीब देशांतल्या सरकारी योजनांचा त्यांचा अभ्यास आहे म्हणे. हातात छापील फॉर्म. माणसं किती, मजुरी किती, कर्ज किती? शेवटी विचारलं, "रोजगार हमी असताना गाव का सोडलं?"

आमच्यातल्या एका म्हातारीनं पेटीतून दंडाच्या पावत्या काढल्या. फॉरेस्टवाल्यांनी फाडलेल्या. "हे लिवा," म्हणाली. उत्तर मिळालं, "फॉर्ममध्ये त्याला जागा नाही."

का नाही? ही गोष्ट जुनी आहे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले दांडेकर आणि रथ यांनी फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास केला. गरिबांची दशा त्यांनी आकड्यांनी दाखवली, हे खरं. पण सांगितलं काय? वाटायला जमीन पुरेशी नाही, गरिबाला काम द्या. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला, लोक खडी फोडायला बसले, मोर्चे निघाले, आणि रोजगार हमी आली. २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता. हा हक्क आपण सोडणार नाही.

पण जमीन पुरत नाही हे आम्हाला सांगू नका. आम्ही कुणाच्या वाट्याची मागत नाही. बापजाद्यांनी कसली, आज आम्ही कसतो, तीच मागतो. ३१ मार्च १९७८ पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा, असा सरकारचाच १९७८ चा ठराव होता. त्या तारखेचा पुरावा म्हणजे या पावत्या! आणि इथं काय चाललंय? आमच्याच रानात आम्ही रोजंदारीवर चर खोदायचे, फॉरेस्टनं त्यात रोपं लावायची, आणि मग आम्हालाच चोर म्हणायचं. गाव का सोडलं, याचं उत्तर हेच.

संशोधकावर आपला राग नाही. आले तर बसवा, पाणी द्या. पण फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी कबूल करून घ्या: पावत्यांची नोंद घ्यायची. भरलेल्या फॉर्मची नक्कल गावात ठेवायची. पुस्तक झालं की गावात येऊन मराठीत वाचून दाखवायचं. कबूल नसेल तर फॉर्म कोरा जाऊ द्या.

पावत्या मात्र कुणाच्या हाती देऊ नका. नक्कल द्या, अस्सल पेटीत ठेवा.

कसेल त्याची जमीन!