संगणकाने मंदी टळते काय?



संगणक आला की मंदी फिरकत नाही, असे सांगणारे भेटले की आम्ही त्यांना एस्टोनियाचे नाव सांगतो. बाल्टिक समुद्राकाठचा हा चिमुकला देश 1991 साली सोव्हिएत जोखडातून सुटला. आयातीवरचे जवळजवळ सारे कर त्याने काढून टाकले, शेतमालावरचेसुद्धा. 2000 सालापासून तिथली माणसे आयकराचे विवरण संगणकावरच भरू लागली. तरीही 2009 साली देशाचे उत्पन्न सुमारे 14 टक्क्यांनी कोसळले. माल घेणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे शेजारचे फिनलंड आणि स्वीडन; त्यांचीच मागणी आटली. घरबांधणीला मिळणारे कर्जही थांबले.

फिनलंड त्या वर्षी 8 टक्क्यांनी घसरला. त्याची मदार नोकियाचे फोन आणि कागद यांवर. जग पडद्यावर वाचू लागले, कागदाला उठाव राहिला नाही. नोकियाचा फोनचा धंदाही 2014 साली मायक्रोसॉफ्टकडे गेला. एकट्या कपाशीवर वर्ष काढणाऱ्याला हे वेगळे समजावायला नको. 2012 ते 2014 सलग तीन वर्षे फिनलंड आक्रसत राहिला.

एस्टोनिया 2011 साली पुन्हा 7 टक्क्यांनी वाढला. पण कसा? सरकारी नोकरांचे पगार कापून. आणि हजारो मजूर 80 किलोमीटरचे आखात ओलांडून बांधकामाच्या कामाला फिनलंडातच गेले.